दोन तास दोरी सोडू नये

जिंतूर,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय सत्यशीला,

तुझा पत्ता ऑफिसातल्या बन्सीधरकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, तो द्यायला तयार नव्हता. तुझ्या पीएफच्या कागदांचं निमित्त मीच सांगितलं. तू माझा नंबर बंद करून ठेवलास हे डिसेंबरातच कळलं होतं. मग बालाजीला फोन लावला, तर तुझा भाऊ मला "बोला मॅडम" म्हणाला. अकरा वर्षं ताई म्हणणारा मुलगा. पुढं मला बोलताच आलं नाही, म्हणून हे पत्र.

जव्हारकडं थंडी लय असते म्हणतात. आश्रमशाळेत राहायची सोय आहे का? तासिकेवर म्हणजे सुट्टीचे पैसे कापत असतील. आईंना सोबत नेलंस की बालाजीकडं ठेवलंस? त्यांच्या डोळ्याचं दुसरं ऑपरेशन झालं का?

इकडं सगळं आहे तसंच आहे. तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही, सातवीचं विज्ञान मलाच बघायला सांगितलंय. गोदावरी शाळेत येत नाही. हजेरी घेताना मी रोज तिचं नाव घेते आणि रोज पुढं जाते. तिच्या आईची, नर्मदाबाईंची जखम भरली म्हणं. मनगटाच्या खाली काही उरलं नाही, पण जीव वाचला, हे काय कमी आहे?

जे झालं ते वाईटच झालं. पण सोयाबीनच्या सुडीचा ढीग उचलताना घोणस चावली, त्यात कोणाचा दोष? पोरीने शाळेतल्या कागदात होतं तसं केलं. कागद चुकीचा निघाला. त्यावर नाव तुझं होतं. चौकशी समितीपुढं एवढंच आलं आणि संस्थेला कोणाला तरी दाखवायचं होतं. मी बोलायला पाहिजे होतं असं तुला वाटत असेल. पण तू तरी कुठं बोललीस? राजीनाम्यावर "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलंस, सही केलीस आणि निघालीस. मला वाटलं, तुला वाद वाढवायचा नाही. मी त्याचा मान राखला.

एक बातमी आहे, दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी. अध्यक्ष किशनरावांनी संस्थेतर्फे माझ्या कृतीपत्रिकांचं पुस्तक काढायचं ठरवलंय. एआयच्या मदतीने केलेल्या पन्नास कृतीपत्रिका. मार्चात तालुक्याच्या शिक्षकांची कार्यशाळा आहे, तिथं मला तज्ज्ञ म्हणून बोलायचंय. सापाचा कागद पुस्तकात घेतलेला नाही, अर्थातच.

संक्रांत आली. दरवर्षी आपण दोघी मिळून स्टाफरूमला तिळगूळ वाटायचो. यंदा मी करणार नाही.

दोन ओळी तरी लिही.

त्रिवेणी


जिंतूर,
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

सत्यशीला,

तीन आठवडे झाले. पत्र मिळालं नसेल असं धरून पुन्हा लिहिते.

आपल्यात लपवण्यासारखं काय आहे? कागद माझ्या फोनवर तयार झाला, हे तुलाही माहीत आहे, मलाही. दर आठवड्याला प्रत्येकीने एक कृतीपत्रिका ग्रुपवर चढवायची, नाही तर पगारपत्रकावर शेरा, हे अध्यक्षांचं फर्मान तुला आठवत असेल. तुझी त्या आठवड्याची राहिली होती. तू आईंना घेऊन नांदेडला निघालीस, तेव्हा मीच म्हणाले, जा निवांत, मी बघते. रजा टाकू नको म्हणाले. हजेरीपटावर तुझी सही मीच ठोकली. तू हे समितीला सांगितलं नाहीस, याची मला जाणीव आहे. सांगितलं असतंस तर दोघीही गेलो असतो. दोघी जाऊन कोणाचं भलं होणार होतं?

पण एक लक्षात घे. मी तो कागद तुला पाठवला होता. वर लिहिलंही होतं की विज्ञान तुझा विषय आहे, तुझं नाव टाकलंय, बघून घे. तू अंगठा दाखवलास. अंगठा दाखवला म्हणजे वाचलं, असंच माणूस समजणार ना? मी मराठीची बाई. सापाचं मला काय कळतं? दवाखान्याच्या रांगेत तुला वाचायला वेळ मिळाला नसेल, हे मी समजू शकते. तू पण मला समजून घे.

तुझा तो काच तडकलेला जुना फोन अजून आहे का ग? औंढ्याच्या सहलीचे फोटो त्यात होते, मुलींचे आणि आपल्या दोघींचे. माझ्याकडचे उडाले. फोन टाकून देणार असशील तर माझ्याकडं पाठव. पोस्टाचा खर्च मी देईन.

घरी सासूबाई तुझी आठवण काढतात. नवऱ्याचं, शिवप्रकाशचं, नेहमीचंच. दुकानात गिऱ्हाईक कमी आहे, तेवढंच सांगतो.

उत्तराची वाट बघते.

त्रिवेणी


जव्हार,
१९ फेब्रुवारी २०२६

सौ. त्रिवेणी मॅडम यांस,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली.

जुना फोन माझ्याकडं आहे. औंढ्याचे फोटो त्यात आहेत आणि ३० जुलैचा, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा तुमचा मेसेजही आहे. सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटं. "बघून घे" असं त्यात कुठं नाही. त्यात असं आहे: "तुझं नाव टाकून चढवलं पण. टेन्शन घेऊ नको. आईकडं बघ." मी अंगठा दाखवला. न वाचता दाखवला. तेवढी चूक माझी आहे आणि तिची शिक्षा मी भोगते आहे. त्याबद्दल मला कोणाची सहानुभूती नको.

घाबरू नका. मेसेज दाखवायचा असता तर नोव्हेंबरातच दाखवला असता. फोन माझ्या पिशवीत होता. किशनराव म्हणाले, "तुमच्या लोकांना सगळं सवलतीत मिळतं, मग वाचायची तसदी कोण घेणार?" तेव्हा मी पिशवीची चेन उघडली होती. मग तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मुख्याध्यापकांच्या शेजारी बसला होतात आणि पदराची पिन नीट करत होतात. मी चेन लावून टाकली. जिथं अकरा वर्षांच्या मैत्रिणीच्या तोंडून शब्द निघत नाही, तिथं फोन दाखवून काय होणार होतं?

त्या आधीच्या रविवारी गावातली वीस माणसं माझ्या भाड्याच्या घरी आली होती. मी आंघोळीला गेले होते. आई दारात एकटी उभी राहिली. एका डोळ्याला पट्टी होती. काय काय बोलले ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. ती आता माझ्यापाशी आहे आणि दाराची कडी वाजली की आत जाऊन बसते.

मला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी माझा तास तुम्ही घेतलात. परभणीच्या दवाखान्यात मी गोदावरीला भेटायला गेले, तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती फक्त एवढं म्हणाली, "बाई, मी विचारलं व्हतं." पुढं तिचे काका आले आणि मला बाहेर काढलं.

तिने काय विचारलं होतं?

याचं उत्तर देणार असाल तर लिहा. नाही तर पत्र पाठवू नका.

सत्यशीला


जिंतूर,
रविवार, १ मार्च २०२६

सत्यशीला,

तुझं पत्र पंचवीस तारखेला आलं. चार दिवस मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं. आज लिहिते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. "बघून घे" असं मी लिहिलं नव्हतं. इतक्या वेळा मनात घोकलं की मला ते लिहिल्यासारखंच वाटायला लागलं होतं.

कागद असा झाला. सकाळी स्वयंपाक आटोपता आटोपता मी फोनमध्ये बोलले: सातवीसाठी सर्पदंशावर कृतीपत्रिका, सोपी आणि आकर्षक. कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला तयार. मी काय तपासलं? शीर्षकाचा रंग. वर सापाचं चित्र होतं, फणाही होता आणि शेपटीला खुळखुळाही. असा साप आपल्याकडंच काय, कुठंच नसतो, हे मला नंतर कळलं. खाली सात सूचना होत्या. तिसरी अशी: "दंशाच्या वर चार बोटांवर दोरी घट्ट आवळावी व दोन तास सोडू नये." पाचवी: "या काळात रुग्णास हलवू नये." आणि तळाला एका डॉक्टरांचं नाव, त्यांच्या पुस्तकाचं नाव, पान एक्केचाळीस. ते पान बघून मला वाटलं, हे पक्कं आहे. ऑक्टोबरात मी ते पुस्तक शोधलं. पुण्याच्या दोन दुकानांत फोन केला. असं पुस्तक नाही. त्या नावाचे डॉक्टरही नाहीत. यंत्राने पान नंबरसुद्धा मनाने टाकला होता.

आता तू विचारलंस ते.

मी फोन समोरच्या बाकावर उभा करून ठेवला होता. व्हिडिओ चालू होता, कारण कृतीपत्रिकेसोबत तासाचा व्हिडिओही चढवायचा होता. मी गोदावरीला वाचायला उठवलं, तिचं वाचन स्पष्ट आहे म्हणून. तिसऱ्या सूचनेवर ती थांबली. म्हणाली, "बाई, माझी मावशी वालूरच्या दवाखान्यात आशाताई हाय. ती म्हणती, आवळून बांधायचं न्हाई. हात हलू द्यायचा न्हाई, अन् तसंच दवाखान्यात न्यायचं."

बरोबर म्हणत होती. शब्द न् शब्द बरोबर.

मी म्हणाले, "मावशी मोठी की शाळा?" वर्ग हसला. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू? मग मी म्हणाले, "व्हिडिओ खराब केलास. पहिल्यापासून वाच." ती वाचायला लागली, पण तिसऱ्या सूचनेला आवाज बारीक झाला. मी पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिने मोठ्याने, न अडखळता वाचलं. मी "शाब्बास" म्हणाले. प्रश्न कापून व्हिडिओ चढवला. अध्यक्षांनी ग्रुपवर फुलं टाकली.

मूळ व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. दोनदा पुसायला गेले. पुसला नाही.

समितीत मी गप्प का बसले, त्याची कारणं मी स्वतःला पुष्कळ सांगितली. सासर, नोकरी, लेकीची, रुद्राणीची बारावी. खरं कारण एवढंच की तुझं नाव घेतल्यावर कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. किशनराव माझ्या सासरच्या नात्यातले. त्या खोलीत चहा मला आधी दिला गेला, तुला दिलाच नाही. मला तेव्हाच कळलं की मी वाचले आहे. आणि मला बरं वाटलं, सत्यशीला. तुझ्याकडं न बघता मला बरं वाटलं.

हे वाचून मला क्षमा कर असं मी म्हणत नाही.

त्रिवेणी


जिंतूर,
रविवार, १५ मार्च २०२६

सत्यशीला,

तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबर आहे. पण आज मी हिवरवाडीला, गोदावरीच्या घरी जाऊन आले आणि ते तुला सांगणं भाग आहे, कारण त्यात तुझा भाग आहे.

नर्मदाबाई अंगणात हरभरा निवडत होत्या. सूप गुडघ्याखाली दाबलेलं, डाव्या हाताने खडे काढणं चाललेलं. उजवा हात पदराखाली. मला बघून "या बाई" म्हणाल्या आणि गोदावरीला पाण्यासाठी हाक मारली. ती दारापर्यंत आली, मला बघितलं आणि आत गेली. पाणी तिच्या वडिलांनी, रंगनाथने आणलं.

मी उभ्यानेच सांगितलं. कागद मी केला. नाव सत्यशीला बाईंचं टाकलं. तास मी घेतला. त्या तर त्या दिवशी गावातसुद्धा नव्हत्या.

रंगनाथने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "आमी त्यांच्या दारात गेलतो बाई. मीच माणसं जमवली व्हती. म्हातारी हात जोडून उभी व्हती अन् मी तिला तिच्या जातीवरून बोललो. हे आता कुठं नेऊन टाकू?"

मी म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्हाला माहीत नव्हतं."

"म्हाईत नव्हतं म्हणून काय बी बोलायचं असतं का?" तो म्हणाला आणि बैलांकडं निघून गेला.

नर्मदाबाईंनी सूप बाजूला केलं. रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. म्हणाल्या, "हात सापानं नेला, असं म्हणून मी मनाची समजूत घातली व्हती. आता तुमी आलात अन् ती बी मोडली. पाच महिने कुठं व्हतात?"

मी गोदावरीशी बोलू द्या म्हणाले. त्या म्हणाल्या, "ती कुणाशी बोलत न्हाई. बोलली तर बोला."

ती दाराच्या आत, उंबऱ्यापाशी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. केस कापलेत तिचे. वेणी घालायला आईचा हात नाही म्हणून.

"मावशीचं खरं व्हतं?" तिने विचारलं.

"हो. तुझं आणि मावशीचं दोघींचं खरं होतं."

ती उंबऱ्याकडं बघत म्हणाली, "आई म्हणत व्हती, दोरी सोड, लय दुखायलंय. मी म्हणलं, न्हाई, दोन तास व्हायचेत. मी घड्याळ घेऊन बसले व्हते. बाबांनी जीप आणली, तर त्यांना बी मी थांबवलं. म्हणलं, हलवायचं न्हाई, शाळेत शिकवलंय. हात निळा पडला. मी तरी घड्याळ बघत व्हते."

"गोदावरी, यात तुझी काही चूक नाही. माझी आहे."

"तुमची हाय, ते मला ठावं हाय."

"मग तू कोणाला सांगितलं का नाहीस? त्या कागदावर दुसऱ्या बाईंचं नाव होतं, त्यांना गावाने काय काय बोललं…"

"मला कुणी विचारलंच न्हाई," ती म्हणाली.

खरंच विचारलं नव्हतं. समितीने अध्यक्षांना विचारलं, मुख्याध्यापकांना विचारलं, मला विचारलं. पस्तीस मुलं त्या वर्गात होती. एकाही मुलाला कोणी विचारलं नाही.

मी निघाले तेव्हा नर्मदाबाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "बाई, आता परत येऊ नका. आलात तर त्या बाईला अन् त्यांच्या आईला घेऊन या. आमाला त्यांच्यापुढं खाली बसायचंय."

मी तुला ये म्हणत नाही. त्यांचा निरोप तेवढा पोचवला.

त्रिवेणी


जिंतूर,
रविवार, १२ एप्रिल २०२६

सत्यशीला,

सोबत माझ्या जबाबाची प्रत आहे. रजिस्टर पोस्टाने शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवला, पोच मिळाली. व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिला. तुला केलेला मेसेज मी जसा तुझ्या पत्रात होता तसा लिहिला आहे, हजेरीपटावरची सही माझी हेही लिहिलं आहे. तुला त्यात काही चुकलेलं वाटलं तर दुरुस्त कर.

आधी तो जबाब मी किशनरावांना नेऊन दिला होता. त्यांनी वाचला, घडी घातली आणि माझ्या पर्सवर ठेवला. म्हणाले, "मिटलेलं प्रकरण कशाला उकरता? तुम्ही घरातल्या आहात." मी म्हणाले, "म्हणूनच मिटलं ते." त्यांनी शिवप्रकाशला फोन लावला. तो दुकानातून आला आणि मला गाडीवर बसवलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "मला तरी आधी सांगायचं." सासूबाईंनी मात्र त्या दिवशी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. माझ्या निलंबनाची लाज वाटली की माझ्या करणीची, ते मी विचारलं नाही.

हो, निलंबन झालं. "संस्थेची बदनामी केल्याबद्दल." पानभर आदेश आहे. सापाच्या कागदाचा त्यात एकदाही उल्लेख नाही. पुस्तकही निघालं. माझं नाव काढून संस्थेचं टाकलंय.

तुझ्याबद्दल शिक्षणाधिकाऱ्यांकडून कळलं ते असं की राजीनामा स्वेच्छेचा असल्याने फेरविचाराचा प्रश्न उद्भवत नाही. मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा जाईन. पण तुला खोटी आशा लावणार नाही.

मला वाटलं होतं, सगळं सांगून टाकलं की काहीतरी हलकं होईल. तसं काही होत नाही.

आदेश यायच्या आधी, चोवीस मार्चला ती कार्यशाळा झाली. साठ शिक्षक होते. मी पडद्यावर आपला कागद दाखवला आणि सांगितलं की हा मी केला, न वाचता केला, एका बाईचा हात गेला, दुसरीची नोकरी गेली. सांगून झाल्यावर टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. एक सर उठून म्हणाले, "मॅडम, फार प्रभावी उदाहरण तयार केलंत. पीपीटी ग्रुपवर टाका." त्यांना ते सगळं रचलेलं वाटलं. मी पुन्हा सांगितलं, तर समोरच्या दोघी घड्याळ बघायला लागल्या. जेवणाची वेळ झाली होती.

त्या गर्दीत सोनपेठकडून पाहुणी म्हणून आलेली एक तरुण शिक्षिका माझ्यापाशी आली. म्हणाली, "मॅडम, हा कागद आमच्या वर्गात भिंतीवर हाय. ग्रुपवर आला व्हता." मग मी विचारपूस सुरू केली. कुठून कुठं गेलाय तो, सत्यशीला, काही पत्ता नाही. मी ग्रुपांवर लिहिलं, हा चुकीचा आहे, काढा. खाली दोघांनी नमस्काराची चित्रं टाकली आणि तिसऱ्याने तोच कागद पुन्हा टाकला, "अतिशय उपयुक्त" म्हणून.

त्या प्रत्येक कागदावर अजून तुझंच नाव आहे.

निलंबनात वेळच वेळ आहे. एसटीने जाते. आतापर्यंत नऊ शाळा झाल्या. बहुतेक ठिकाणी काढून देतात, चहाही विचारतात. काल सोनपेठच्या पलीकडं, गोदावरीकाठच्या एका शाळेत गेले होते. शनिवारची सकाळची शाळा. तिथल्या बाईंनी मला व्हरांड्यातच थांबवलं. म्हणाल्या, "तुमच्याकडं पत्र आहे का कोणाचं? वरून आदेश आल्याशिवाय मी भिंतीवरचं काही काढत नाही. आणि तुम्ही निलंबित आहात ना?" मी म्हणाले, "कागद माझा आहे." त्या म्हणाल्या, "त्यावर तर दुसरंच नाव आहे."

खिडकीतून तो दिसत होता. कोणीतरी लॅमिनेट करून लावलाय.

बसला अजून पाऊण तास होता. शाळा सुटली, तशी मी फाटकाबाहेर लिंबाखाली उभी राहिले आणि येतील त्या मुलांना सांगत गेले. दोरी बांधायची नाही, चीर द्यायची नाही, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, उचलायचं आणि सरळ दवाखाना. काही मुलं थांबली, काही हसत पळाली. एक मुलगी, सहावी-सातवीतली, सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "पण आमच्या बाईंनी सोमवारच्या परीक्षेला कागदातलं लिहायला सांगितलंय."

मी म्हणाले, "ते चुकीचं आहे."

"किती मार्काचं हाय, म्हाईत हाय का तुमाला? पाच."

तिने दप्तर पाठीवर सारखं केलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "असं करते. पेपरात कागदातलं लिहिते. साप चावला, तर तुमचं करते."

आणि ती गेली.

तिचं नाव विचारायचं राहिलं. सोमवारी तिचा पेपर आहे.

त्रिवेणी